परड्यातल्या घुशीसाठी काय घ्यावं: सौर दांडा, पिंजरा की विषाची वडी?

ऑनलाइन दुकानांत ‘मोल रिपेलर’ नावाची एक वस्तू मिळते. वर छोटी सौर पट्टी बसवलेली प्लास्टिकची टोपी आणि खाली जमिनीत खोचायचा फूटभर लांबीचा पोकळ दांडा. दर अर्ध्या मिनिटाने तो जमिनीत घुमल्यासारखा आवाज सोडतो. त्या थरथरीला वैतागून जमिनीखालचा प्राणी निघून जातो, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. जूनचा पहिला पाऊस झाला, परड्यात मातीचे ताजे ढिगारे दिसू लागले, रताळ्याच्या वेलाखालची माती फुगली, की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बरीच मंडळी हे दांडे मागवतात. मागवू नका. दोन दांड्यांच्या पैशात हार्डवेअरच्या दुकानातून एक चांगला मोठा पिंजरा येतो, आणि परड्यापुरता विचार केला तर तोच पहिला खर्च करावा असा आहे.

दांडा वाईट बनवलेला असतो हे एक कारण झालं, पण मूळ कारण वेगळं आहे. तो ज्या प्राण्यासाठी बनवलाय तो आपल्याकडे नाहीच. मोल हा युरोप, अमेरिका आणि आशियाच्या थंड-ओलसर भागांतला प्राणी. भारतात तो हिमालयाच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात आणि ईशान्येला सापडतो, दख्खनच्या पठारावर नाही. तो गांडुळं आणि मातीतल्या अळ्या खातो, कंदमुळांशी त्याला देणंघेणं नसतं. आपल्या परड्यातली माती उकरणारी असते घूस. कानडीत तिला हेग्गण म्हणतात, आणि हेग्गण म्हटलं की बेळगावातल्या शहापूर-वडगावचा कुठलाही दुकानदार नेमकं ओळखतो. घूस उंदराच्या कुळातली आहे. तिचं खाणं धान्य, कंद, शेंगा, खरकटं, खोबरं असं सगळं. मोलला लागू पडणारे उपाय तिला लागू पडत नाहीत. उलट तिच्या खादाडपणामुळेच आपल्या हाती आमिषाचा उपाय येतो, जो मोलच्या बाबतीत फारसा चालत नाही.

घुशी दोन प्रकारच्या दिसतात. लहान घूस पाव किलोच्या आगेमागे भरते. ती शेतात, बांधावर आणि परड्यात राहते, आणि मातीचे ढीग बहुतेक तिचेच. मोठी घूस किलोपर्यंत जाते. ती गटारं, गोठे, जुन्या वाड्यांचे पाये अशा ठिकाणी असते. लहान घुशीबद्दलची एक गोष्ट खरेदीच्या आधी माहीत हवी: एका बिळात सहसा एकच मोठी घूस असते, फार तर पिल्लांसह मादी. ढिगारे आठ-दहा दिसले तरी ते एकाच बिळाच्या वेगवेगळ्या तोंडांचे असू शकतात. म्हणजे परड्यात ‘घुशींची फौज’ झाली असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात दोन-तीनच असतात. म्हणूनच इथे पिंजऱ्याने काम भागतं. मात्र गाभण काळ तीन आठवड्यांच्या थोडा वर आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं, हा हिशेब लक्षात घेतला तर ‘दिवाळी झाली की बघू’ म्हणणं महागात पडतं.

काही विकत घेण्याआधी बीळ जिवंत आहे का हे तपासा. संध्याकाळी सगळे ढिगारे फावड्याने सपाट करा आणि पायाने दाबून टाका. उघडी भोकं मातीने बुजवा. प्रत्येक जागी एक काडी खोचून खूण ठेवा. सकाळी ज्या जागी नव्या मातीचा ढीग आलाय तेवढीच तोंडं चालू. हे लागोपाठ दोन रात्री करा, कारण जोराच्या पावसाच्या रात्री घूस बाहेर पडतेच असं नाही. घूस आत गेल्यावर तोंड आतून मातीने बंद करून घेते. त्यामुळे भोक दिसत नाही म्हणून बीळ ओसाड, असं समजू नका. रवाळ, ओलसर, ताज्या मातीचा ढीग हीच खूण. लेंडी दीड-दोन सेंटिमीटर लांब असते. रताळं किंवा बटाटा कुरतडलेला असेल तर त्यावर समोरच्या दातांच्या रुंद जोडखुणा दिसतात.

चुकीच्या प्राण्यामागे लागण्याचे प्रकारही बरेच होतात. लांबट, सोंडेसारखं नाक असलेली, भिंतीच्या कडेने चिक-चिक करत जाणारी आणि उग्र वास मारणारी ती चिचुंद्री. ती झुरळं आणि किडे खाते, परडं उकरत नाही. तिला राहू द्या. भातशेतीला लागून असलेल्या परड्यात ओलीकडे गोल, गुळगुळीत कडेचं भोक आणि भोवती चिखलाच्या गोळ्या दिसल्या तर तो खेकडा. खानापूरच्या रानालगतच्या वाड्यांत रात्रीत अख्खा वाफा उधळलेला आणि जवळपास पांढरा-काळा काटा पडलेला सापडला तर ते साळिंदर. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्यासाठी कुंपण पक्कं करायचं, सापळा किंवा विष अजिबात नाही.

आता त्या सौर दांड्याविषयी, कारण त्याची जाहिरात फार पसरलीय. बहुतेक दांडे ४०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यानचा आवाज सोडतात. घूस ही माणसाच्या वस्तीत, गटाराच्या कठड्याखाली, मोटारी धावणाऱ्या रस्त्याच्या कडेला बीळ करून राहणारी. एकाच ठेक्यात येणाऱ्या गुणगुणीची तिला दोन-चार दिवसांत सवय होते. ज्या मोलसाठी ही वस्तू आहे त्याच्यावरसुद्धा तिचा भरवसा देता येत नाही, असं अमेरिकेतल्या विद्यापीठांचे कृषी विस्तारवाले सांगत आलेत. त्यात आपल्याकडची माती. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या, जांभ्याच्या खड्यांच्या जमिनीत दांडा ठोकताना प्लास्टिकचा जोड तडकतो. अथणी-रायबागच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि दांडा सैल उभा राहतो, थरथर मातीत उतरतच नाही. शिवाय घुशींचा उपद्रव वाढतो तेव्हा, म्हणजे जून ते सप्टेंबर, बेळगावच्या पश्चिम भागात ऊन दिसायची मारामार. आतली छोटी बॅटरी पुरती भरत नाही आणि आवाज रात्री, घूस हिंडायच्या वेळीच, बंद पडतो. घरात प्लगला लावायची अल्ट्रासॉनिक यंत्रंही याच पंगतीतली. तो आवाज भिंत, कपाट, मातीचा थर ओलांडत नाही. एरंडेलाचे दाणेही मोलसाठीच विकले जातात. आपल्या मुसळधार पावसात ते धुऊन जातात आणि घुशीला त्यांनी फरक पडत नाही.

पिंजरा मात्र पारखून घ्यावा लागतो. किराणा दुकानात टांगलेला दहा-बारा इंची उंदराचा पिंजरा घुशीला पुरत नाही. घूस आत शिरते, आमिष ओढते, दार पडतं, पण तिच्या कमरेवर अडकतं आणि ती मागे सरकून निसटते. एकदा अशी सुटलेली घूस त्या पिंजऱ्याकडे बरेच दिवस फिरकत नाही. म्हणून लांबी किमान १८ इंच हवी, रुंदी आणि उंची सात-सात इंच. तार १४ गेजची, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाड. जाळीचं घर एक इंच बाय अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको. तारा एकमेकींना वेल्ड केलेल्या असाव्यात. नुसत्या गुंफलेल्या तारा घूस दातांनी आणि नाकाने रेटून फाकवते. दुकानात उभं राहून दोन बोटांनी जाळी ताणून बघा, वेल्ड सुटत असेल तर तिथेच कळतं.

दाराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. दार पडल्यावर ते आतून उचलता येऊ नये यासाठी आडवी कडी किंवा खाली सरकणारी कुलूपतार असते. ती नसलेला पिंजरा घेऊ नका. स्प्रिंग जोरकस हवी, पण आमिषाचा आकडा मात्र हलका. आकड्याला करंगळीने ओढून पाहा. दार पाडायला जोर लावावा लागत असेल तर घूस आमिष कुरतडून आरामात बाहेर पडेल. आकडा जड असला तर दुकानदाराकडूनच पक्कडीने टोक थोडं सरळ करून घ्या. काही पिंजऱ्यांत आकड्याऐवजी पायाखालची पट्टी असते. ती सिमेंटच्या जमिनीवर छान चालते, पण परड्यात तिच्याखाली माती आणि पाला अडकून दार पडत नाही. परड्यासाठी आकड्याचाच घ्यावा. लाकडी तळाचे पिंजरे स्वस्त पडतात, पण लाकूड मूत शोषतं, पावसात फुगतं आणि दार घट्ट होतं. पत्र्याचा तळ बरा. आठवडी बाजारात लोहाराकडून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून मापं देऊन बनवून घेतलेला पिंजरा तयार पिंजऱ्यापेक्षा बहुधा मजबूत निघतो.

लावायची पद्धत चुकली तर चांगला पिंजराही रिकामा राहतो, आणि ‘आमच्याकडच्या घुशी हुशार आहेत’ हे ऐकायला मिळतं ते यामुळेच. घूस नवी वस्तू पाहून बिचकते. म्हणून पहिल्या तीन रात्री दार तारेने उघडं बांधून ठेवायचं आणि आत रोज ताजं आमिष टाकायचं. आमिष रोज संपतंय असं दिसलं की चौथ्या रात्री पिंजरा खरा लावायचा. जागा परड्याच्या मधोमध नको. घूस भिंतीच्या, गडग्याच्या कडेने चालते. तिची वाट गवतात दबलेली, केस घासून काळपट झालेली दिसते. त्या वाटेला समांतर, भिंतीला चिकटून, तोंड बिळाच्या दिशेने असा पिंजरा ठेवा. चालू तोंडापासून दोन-तीन फुटांवर. खाली सपाट करून पिंजरा डुगडुगणार नाही असा बसवा आणि दोन खुंट्यांनी पक्का करा, कारण मोठी घूस आत धडपडून पिंजरा उलटा पाडते आणि दार उघडतं. वरून गोणपाट टाका, दाराकडची बाजू तेवढी मोकळी.

आमिष ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. बरेचजण बारा महिने भाकरीच ठेवतात. भाताची कापणी-मळणी चालू असताना धान्य आणि भाकरी तिला चहूकडे मिळते. तेव्हा खोबऱ्याचा तुकडा किंवा तळलेलं भजं जास्त ओढतं. एप्रिल-मेमध्ये पाणी दुर्मीळ असतं, तेव्हा काकडी किंवा ओलं रताळं. पावसाळ्यात भाजलेले शेंगदाणे शेंगतेलात घोळून पातळ फडक्याच्या पुरचुंडीत आकड्याला बांधा. सुटे दाणे ठेवले तर मुंग्या आणि लहान उंदीर संपवतात. सुकट घुशीला आवडते, पण तिच्या वासाने मांजर आणि मुंगूस आत अडकतात, म्हणून परड्यात टाळलेली बरी. तीन गुंठ्यांपर्यंतच्या परड्याला दोन पिंजरे एकाच वेळी लावावेत. एकच पिंजरा जागा बदलत फिरवला तर दर वेळी बिचकण्याचा काळ नव्याने सुरू होतो.

उजाडायच्या आत पिंजरा बघायचाच. उन्हात तापलेल्या पिंजऱ्यात तडफडणारा कोणताही जीव पाहवत नाही, आणि चुकून अडकलेलं मुंगूस किंवा मांजर लगेच सोडलं पाहिजे. पकडलेली घूस नदीकाठी किंवा दुसऱ्याच्या शिवारात सोडणं म्हणजे आपली पीडा शेजारच्या गावाला देणं. पाण्यात बुडवून मारण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती जिवाचे फार हाल करते. पिंजऱ्याच्या तोंडाला गोणी लावून घूस गोणीत घ्यावी, डोक्याच्या जागी जड काठीचा एकच नेमका घाव घालावा. हे जमत नसेल तर जमणाऱ्याला बोलवावं. मेलेली घूस विहिरीपासून आणि आडापासून लांब, दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार पसरतो, आणि ओल्या मातीत उघड्या जखमेने हात घालणं धोक्याचं आहे. पिंजरा ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा आणि मगच पुन्हा लावा.

पिंजऱ्याने पाहिजे तसा उतार पडला नाही, किंवा बिळं घराच्या पायाखाली, पिंजरा ठेवता न येण्याजोग्या जागी असली, तर विषाची वडी. पाकिटावर ‘ब्रोमाडायोलोन ०.००५ टक्के’ असं लिहिलेलं पाहूनच घ्या. निळ्या, हिरव्या किंवा गुलाबी रंगाची ही वडी शेती औषधांच्या आणि मोठ्या किराणा दुकानांत मिळते. हे औषध शरीरातलं के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, रक्त गोठत नाही आणि घूस तीन ते सात दिवसांनी मरते. उशीर होतो हाच त्याचा गुण. खाल्लं आणि लगेच त्रास झाला असा संबंध तिला जोडता येत नाही, म्हणून ती पुन्हा येऊन खाते. बरेच लोक दुसऱ्या दिवशी घूस मेली नाही म्हणून ‘माल बोगस’ ठरवतात आणि दुसरं जहाल विष आणतात. आठवडाभर थांबा.

प्रत्येक चालू तोंडात १५ ते २० ग्रॅम, काठीने हातभर आत सरकवून. तोंडाला गवताचा सैल बोळा लावा, माती दाबू नका. आठवड्याने पुन्हा ढिगारे सपाट करून बघा आणि जी तोंडं चालू राहिली त्यांतच दुसरी फेरी द्या. बिळाबाहेर ठेवायचीच झाली तर चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा घ्या, भिंतीला लागून पक्का बांधा, मधोमध आरपार भोक पाडून तारेत वडी ओवून ठेवा. तार महत्त्वाची. घुशीला साठा करायची सवय असते. सुटी वडी ती उचलून बिळात नेते, खात नाही, आणि पुढे नांगरताना किंवा पाणी शिरल्यावर ती वडी बाहेर येते, तीही नेमकी कोंबड्यांच्या समोर. पावसाळ्यात पिठाची वडी बुरशीने जाते आणि गोगलगायी ती फस्त करतात. जून ते सप्टेंबर मेणात घट्ट केलेली वडीच मागा.

धोका दोन प्रकारचा आहे. मुलाने किंवा कुत्र्याने वडी खाल्ली तर पहिले एक-दोन दिवस काहीच दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. लक्षणांची वाट न बघता पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जावं. या औषधावर के१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरेच आठवडे चालू ठेवावा लागतो. जनावराला लगेच पशुवैद्याकडे न्यावं. विषबाधेबद्दल विचारायला दिल्लीच्या एम्सच्या केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. दुसरा धोका वडी खाऊन मलूल झालेल्या घुशीचा. तिला गव्हाणी घुबड, मांजर किंवा धामण खाते आणि विष त्या खाणाऱ्यात उतरतं. परड्याच्या आंब्यावर घुबडाची ढोली असेल किंवा धामण येत-जात असेल तर वडीचा नाद सोडून पिंजऱ्यावरच भागवा. ती दोघं फुकटात तेच काम करत असतात. वडी लावली असेल तेवढे दिवस रोज सकाळी परड्यात फेरी मारून मेलेल्या घुशी उचला आणि पुरा.

बाकीच्या वस्तूंवर फार शब्द खर्च करायला नको, पण दोन ठिकाणी जीव जाण्याचा प्रश्न आहे. झिंक फॉस्फाइडची काळी पूड शेतासाठी आहे. तीन दिवस साधं आमिष खायला घालून मग धान्य-तेलात दोन टक्के मिसळून ती बिळात वापरतात. घरगुती परड्यात ती नकोच. एकदा थोडी खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही, आणि माणसाने किंवा कुत्र्याने खाल्ली तर त्यावर उतारा नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे धान्यात ठेवायच्या गोळ्यांचं त्याहून वाईट. त्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायच्या, असा नियम आहे. तरी बिळात गोळी टाकून माती लावण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. आपल्याकडची जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, मातीच्या सांध्यांची, खाली दगडगोट्यांचा पाया. बीळ पायाखालून कुठे निघालंय ते वरून दिसत नाही. गोळीचा वायू त्या फटींतून झोपायच्या खोलीत येतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. घराजवळच्या बिळात ही गोळी कोणी टाकत असेल तर त्याचा हात धरा. पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही घरात आणू नका. तिने यकृत निकामी होतं, तिलाही उतारा नाही, आणि ती लहान मुलांना टूथपेस्टसारखी दिसते. चिकटपट्टीवर लहान उंदीर अडकतात, घूस ती ओढत नेते. परड्यात तिच्यावर सरडे, पाखरं आणि चिचुंद्र्या हाल होऊन मरतात. डांबरगोळ्या, मिरचीची धुरी, फुटक्या काचा यांनी घूस चार हात बाजूला नवं तोंड काढते. बिळात पाणी सोडणं तर तांबड्या मातीत निव्वळ पाण्याची नासाडी, आणि पायाजवळ केलं तर पाया खचायला आपणच मदत करतो.

घूस गेल्यावर रिकामं बीळ तसंच राहिलं तर महिन्याभरात दुसरी येते. तयार घर, तयार वाटा, ती सोडणार कशाला? बीळ पहारीने उकरून फोडा, आत खडी आणि चुरा ठोकून भरा, आणि भिंतीलगत असेल तर वरचा फूटभर सिमेंट-काँक्रीटने बंद करा. नुसत्या मातीने बुजवलेलं बीळ ती एका रात्रीत मोकळं करते. रताळ्या-बटाट्याच्या वाफ्याभोवती किंवा नारळाच्या रोपाभोवती अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डजाळी दोन फूट खोल गाडा, आणि खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. घूस जाळीला भिडल्यावर सरळ खाली खणते. तो वळवलेला भाग तिला तिथेच थोपवतो. कोंबडीजाळी वापरू नका, तिची तार घूस तोडते. न्हाणीच्या मोरीला आणि गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी हवी. प्लास्टिकची जाळी कुरतडली जाते. जळण जमिनीवर रचू नका, दीड फुटाच्या मांडणीवर ठेवा. कोंबड्यांचं खाद्य रात्री उचला. पडलेले आंबे-फणस-पेरू संध्याकाळीच गोळा करा. गडग्याच्या पायथ्याच्या फटी चिपा ठोकून बंद करा, हे काम कंटाळवाणं आहे पण टिकणारं हेच.

वेळेचंही बघावं. सगळ्यात चांगला महिना मे. शेतं मोकळी, खाणं कमी, विण्याचा जोर नाही, आणि वळवाच्या सरीने माती मऊ झाली की ताजे ढिगारे लगेच दिसतात. त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबर, भात निघाल्यावर शिवारातल्या घुशी घराकडे सरकतात तेव्हा. एका परड्यातून घुशी काढल्या आणि शेजारचं परडं तसंच राहिलं तर जागा लगेच भरते. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांची परडी एकाच गडग्याला टेकलेली असतात. गल्लीतल्या मंडळानेच मनावर घेऊन दहा-बारा पिंजरे एकत्र विकत घेतले आणि एकाच आठवड्यात सगळ्या परड्यांत लावले तर खर्च वाटला जातो आणि वर्षभराचा आराम मिळतो. शेताच्या बांधाला लागून घर असेल तर होबळीच्या (तालुक्याखालच्या विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, तिथे शेतासाठीचा सल्ला मिळतो.

राहिली कीडनियंत्रणाची सेवा. मोठं परडं, पायाखाली बिळं, घरात फक्त वयस्कर माणसं, अशा वेळी ती घ्यावीच. पण फोनवर ‘एका भेटीत घुशी साफ, वर्षाची गॅरंटी’ म्हणणाऱ्याला बोलावू नका. वर सांगितलेला तीन रात्रींचा बिचकण्याचा काळ आणि वडीचा आठवडा धरला तर एका भेटीत हे काम होतच नाही. आधी येऊन परडं पाहणारा, चालू तोंडं तपासणारा माणूस हवा. परवाना मागून बघा. कोणतं औषध, किती टक्क्याचं, किती ठिकाणी आणि कुठे कुठे, हे कागदावर लिहून घ्या. ठिकाणांचा कच्चा नकाशा काढून द्यायला चांगली माणसं कुरकुर करत नाहीत. औषध कुलपाच्या पेटीत किंवा बांधलेल्या पाइपात ठेवणार की नुसतं उघड्यावर टाकणार, ते विचारा. उघड्यावर म्हटलं तर नको सांगा. घराजवळ गोळ्या टाकतो म्हटलं तर दारातूनच परत पाठवा. सातव्या आणि चौदाव्या दिवशीची भेट दरातच धरलेली असावी. मेलेल्या घुशी उचलणं आणि शेवटी उरलेलं औषध परत नेणं कोणाकडे, हेही आधीच ठरवा. पैसे दोन भागांत द्या: निम्मे पहिल्या दिवशी, आणि उरलेले चौदाव्या दिवसाच्या भेटीनंतर, ढिगारे सपाट करून दोन सकाळी नवी माती आली नाही हे स्वतः पाहून.